गाडी घेताना ॲव्हरेज बघायचं की किलोमीटरचा खर्च? हिशेब आणि चर्चा

घाटवाट

नवी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला: 'ॲव्हरेज किती देते?' उत्तरही लगेच मिळतं. चोवीस, अठ्ठावीस, चौतीस. त्या आकड्याचे रुपये किती होतात हे मात्र बुकिंग होईपर्यंत कुणी कागदावर मांडत नाही. फ्रिजवरच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. फ्रिजच्या वीस-तीसपट किमतीच्या गाडीच्या काचेवर वर्षाचा इंधनखर्च कुठेही दिसत नाही. खर्चाची माहिती कोणत्या रूपात समोर आली की निवड बदलते, आणि ती आपली आपण कशी काढायची, यासाठी हा धागा.

आधी ॲव्हरेजबद्दल. 'लिटरला किलोमीटर' हे माप डोळ्यांना फसवतं. समजा घरात दोन गाड्या आहेत आणि दोन्ही वर्षाला १२,००० किमी चालतात. एक लिटरला १० देते, तिच्या जागी १२ देणारी घेता येईल. दुसरी २० देते, तिच्या जागी २५ देणारी. बहुतेक जण दुसरी बदलायला सांगतात, कारण ५ हे २ पेक्षा जास्त. आता लिटर मोजा. पहिलीचे १,२०० लिटरचे १,००० होतात, म्हणजे २०० लिटर वाचले. दुसरीचे ६०० चे ४८०, म्हणजे १२० लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर पहिल्या बदलात वर्षाला २०,८०० आणि दुसऱ्यात १२,४८०. पैसे लिटरचे जातात आणि ॲव्हरेज भाजकात असतं, म्हणून वरच्या टोकाला आकडा भराभर वाढला तरी बचत बारीक होत जाते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल यांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं. तीच माहिती 'ठरावीक अंतराला किती गॅलन' अशी दिल्यावर बरोबर गाडी निवडणारे वाढले. माहिती तीच होती, फक्त उलटी मांडली होती.

म्हणून मी सगळं 'किलोमीटरला किती रुपये' यात आणतो, मग महिन्यात, आणि मग तो आकडा हप्त्याच्या शेजारी ठेवतो. पायऱ्या अशा:

पहिली, महिन्याचे किलोमीटर. अंदाजाने सांगू नका. सध्याच्या गाडीच्या दोन सर्व्हिस बिलांवरचं ओडोमीटरचं रीडिंग घ्या, वजाबाकी करा, मधल्या महिन्यांनी भागा. बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त निघतो, कारण लांबचे प्रवास लक्षात राहतात आणि गाडी उभी असलेले दिवस विसरले जातात.

दुसरी, खरं ॲव्हरेज. जाहीर होणारा आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर १,१८० सेकंद चालवतात, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो. माझा ठोकताळा: शहरात जाहीर आकड्याच्या ७० टक्के, निवांत हायवेवर ८५ टक्के. दोन गाड्यांना एकच टक्केवारी लावा. एकीचा शोरूमचा आकडा आणि दुसरीचा मित्राने सांगितलेला, अशी तुलना कधीच करू नका.

तिसरी, ऑन-रोड किमतीतला फरक. एक्स-शोरूम नको. आपल्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रात, नोंदणीचा कर इंधनावर ठरतो. १० लाखांखालच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. सीएनजीचा कर २०२५ च्या जुलैपासून एक टक्क्याने वाढला, तरी याच गटात तो ८ टक्केच आहे. डिझेलला सर्वांत जास्त.

चौथी, त्या फरकाचा मासिक हप्ता. ९ टक्के व्याज आणि ५ वर्षं असतील तर लाखाला २,०७६ रुपये.

उदाहरण: छोटी हॅचबॅक, पेट्रोल ६ लाख, तोच व्हेरियंट सीएनजीत ६.९० लाख. फरक ९० हजार दिसतो. पण कर पेट्रोलला ६६,००० आणि सीएनजीला ५५,२००. म्हणजे ऑन-रोड फरक विम्यासकट साधारण ८० हजार. त्याचा हप्ता १,६६१. शहरात पेट्रोलवर १७ मिळाले तर किलोमीटरला ६.१२ रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २५ मिळाले तर ३.२०. फरक २.९२. म्हणजे महिन्याला ५७० किमीच्या वर गाडी चालली तर पहिल्या महिन्यापासून बचत हप्त्यापेक्षा जास्त. १,००० किमी चालली तर हप्ता वजा जाऊन १,२५० रुपये हातात. ४०० किमीच चालली तर दर महिन्याला जवळजवळ ५०० खिशातून.

गाडी तीच आणि ॲव्हरेजही तेच. निवड फिरवतो तो किलोमीटरचा आकडा, आणि नेमका तोच शोरूममध्ये कुणी विचारत नाही.

स्पार्कप्लग

मांडणी उत्तम, पण सीएनजीचा हिशेब तीन ठिकाणी सैल आहे.

एक. गाडी पूर्ण वेळ गॅसवर चालत नाही. सुरू होताना, गॅस संपल्यावर, पंपावर रांग लांब असल्यामुळे न भरताच पुढे गेल्यावर पेट्रोल जळतं. शहरात ६ टक्के किलोमीटर पेट्रोलवर धरा. मग किमीमागची बचत २.९२ ची २.७४ होते आणि बरोबरीची रेषा ५७० वरून ६०५ किमीवर जाते.

दोन. गॅसचा दर शहरागणिक वेगळा आहे. तुमच्या गावात तो ९० असेल तर हीच रेषा ७०० किमीवर जाते. दहा रुपयांनी जवळजवळ शंभर किलोमीटरचा फरक पडतो.

तीन. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते आणि ती उलटली तर पंपावर गॅस नाकारतात. या चाचणीचा खर्च, त्या दिवशी गाडी उभी राहणं, गॅस फिल्टर आणि लवकर बदलावे लागणारे प्लग हे सगळं मिळून महिन्याला किती पडतं ते आपल्या सर्व्हिस सेंटरकडून विचारून घ्या आणि बचतीतून वजा करा.

आणखी एक, हा रुपयांत बसत नाही. ६० लिटर पाण्याच्या क्षमतेचा सिलिंडर म्हणजे ६० लिटर इंधन नव्हे. पूर्ण दाबाने भरला तर ८ किलोच्या आसपास गॅस बसतो, दुपारच्या उन्हात किंवा पंपाचा दाब २०० बारच्या खाली असेल तर ७. म्हणजे दर १७०-२०० किमीला पंप. महिन्याला २,००० किमी चालवणाऱ्याला दहा-बारा वेळा रांगेत उभं राहावं लागतं. रोजचं घर ते ऑफिस याच रस्त्यावर पंप आहे का, हे आधी पाहा आणि मगच पैसे मोजा.

ताकदही कमी होते. एर्टिगात पेट्रोलवर १०३ पीएस (अश्वशक्ती) आहे, सीएनजी मॉडेलला गॅसवर ८८. खंबाटकीसारख्या चढाला पाच माणसं आणि सामान घेऊन वारंवार जाणाऱ्याने हा फरक आधी चालवून बघावा.

गुणाकार

'माहिती दिली की निवड बदलते' हे गृहीत धरण्याआधी अभ्यास काय सांगतात ते पाहू, कारण निष्कर्ष एका बाजूचे नाहीत.

कॅलिफोर्नियात टरेंटाइन आणि कुरानी यांनी ५७ कुटुंबांच्या गाडीखरेदीच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाही कुटुंबाने इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब मांडलेला नव्हता. यात हिशेबी व्यवसायातली माणसंही होती. म्हणजे ॲव्हरेज सगळे विचारतात, पण ते हिशेबात घेत कुणी नाही, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही.

२०१५ मधला दुसरा एक अमेरिकी अभ्यास इथे जास्त उपयोगी आहे. 'पाच वर्षांत इंधनाचे इतके पैसे वाचतील' एवढंच सांगितल्यावर लोकांची पसंती हलली नाही. पण खरेदी, इंधन, देखभाल वगैरे धरून मालकीचा एकूण खर्च सांगितला तेव्हा छोटी आणि मध्यम कार घेऊ पाहणाऱ्यांचा कल हायब्रिड (इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेल्या) आणि विजेच्या गाड्यांकडे वाढला. छोटी एसयूव्ही घेणाऱ्यांमध्ये मात्र तसं झालं नाही. भारतात आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त युटिलिटी प्रकारच्या, म्हणजे एसयूव्ही वगैरे, आहेत. म्हणजे आपल्या बाजाराचा मोठा भाग या माहितीने न हलणाऱ्या गटासारखा असू शकतो. उंच बसणं, रस्ता वरून दिसणं, खड्ड्यांत तळ न घासणं, याची किंमत माणूस वेगळी मोजतो आणि रुपये प्रति किमी तिथे मागे पडतात.

तिसरा, ऑलकॉट आणि निटेल यांचा, २०१९ चा. यात फक्त मत विचारलेलं नाही, प्रत्यक्ष खरेदी पाहिली आहे. गाडी घ्यायला आलेल्यांना त्यांच्या स्वतःच्या वापराप्रमाणे इंधनखर्च काढून दाखवला. पुढे कोणी कोणती गाडी घेतली ते तपासलं तर सरासरी ॲव्हरेजमध्ये ठळक फरक सापडला नाही. दिलेली माहिती लोकांच्या लक्षात राहिली होती, तरीही.

हे सगळं एकत्र ठेवलं तर मला असं दिसतं: ज्याने आधीच दोन गाड्यांवर मन आणून ठेवलं आहे, तो या हिशेबाने त्यांतली एक पक्की करतो. गाडीचा वर्गच बदलणं, म्हणजे एसयूव्ही सोडून हॅचबॅक घेणं, हे हिशेबाने क्वचित होतं. म्हणून घाटवाट यांचा तक्ता शोरूममध्ये जाण्याआधी भरायचा. चाचणीफेरी झाल्यावर त्याचा उपयोग फार थोडा उरतो.

ओसरी

गुणाकार सर, डिझेलचं काय? २०१२ च्या सुमारास आमच्याकडे जो तो डिझेलच घेत होता. तेव्हा माहितीने निवड बदललीच ना?

गुणाकार

बदलली, आणि ते उदाहरण फार बोलकं आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून बाहेर पडले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात, २०१२ मध्ये, दोन्हींच्या दरात लिटरला तीस रुपयांच्या आसपास अंतर होतं. हे अंतर रोज वर्तमानपत्रात आणि पंपाच्या फलकावर दिसायचं. त्यासाठी वेगळा हिशेब करावा लागत नव्हता. अशी सहज दिसणारी माहिती सर्वांत वेगाने पसरते.

पण ती अर्धीच होती. तेव्हाचे ढोबळ आकडे घ्या. पेट्रोल ७५ आणि लिटरला १४, म्हणजे ५.३६ रुपये किमी. डिझेल ४५ आणि लिटरला १८, म्हणजे २.५०. फरक २.८६. गाडी एक लाखाने महाग. बरोबरी ३५,००० किमीला. महिन्याला १,५०० चालवणाऱ्याला दोन वर्षं. महिन्याला ५०० चालवणाऱ्याला जवळजवळ सहा वर्षं, व्याज न धरता. पंपावरचं तीस रुपयांचं अंतर दोघांना सारखंच दिसलं आणि दोघांनीही डिझेल घेतलं.

आजचे आकडे: पेट्रोल १०४, डिझेल ९०, ॲव्हरेज तीच. ७.४३ विरुद्ध ५.००, फरक २.४३. म्हणजे किमीमागची बचत फार कमी झालेली नाही. वाढला आहे तो गाडीच्या किमतीतला फरक, कारण बीएस-६ ची धूर शुद्ध करणारी यंत्रणा महाग आहे. दीड लाख फरक धरला तर बरोबरी जवळजवळ ६२,००० किमीवर जाते. त्यावर आपल्या राज्यात दोन टक्के जास्त कर. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या त्यामागे हेच गणित होतं: छोट्या गाडीला तेवढी महाग यंत्रणा परवडत नाही.

स्पार्कप्लग

डिझेलबाबत एक जोड. रोज पाच-सहा किमीच्या फेऱ्या असतील तर पैशांचं गणित जुळलं तरी डिझेल घेऊ नका. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. ती जाळायला गाडी १५-२० मिनिटं सलग साठच्या पुढे चालावी लागते. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत ते होत नाही, दिवा लागतो, मग सर्व्हिस सेंटरला जबरदस्तीने रीजनरेशन (ती काजळी जाळणं), आणि शेवटी फिल्टरच बदलावा लागला तर कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते. नोकरीत दिल्लीकडे बदलीची शक्यता असेल तर तिथे डिझेल गाडीच्या वयावर सध्या काय मर्यादा आहे तेही तपासून घ्या.

मीटररीडर

विजेच्या गाडीचा हिशेब बहुतेक जण एका ठिकाणी चुकतात. महिन्याच्या बिलाला युनिटने भागून सरासरी दर काढतात आणि तो गाडीला लावतात. तसं करू नका. गाडीचे युनिट घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरच्या स्लॅबचा दर लागतो.

४५ किलोवॅट-तास बॅटरीची गाडी घ्या. नेक्सॉनच्या त्या बॅटरीची जाहीर रेंज ४८९ किमी आहे. तीही प्रयोगशाळेतलीच. प्रत्यक्षात ३५० धरा. म्हणजे १०० किमीला बॅटरीतून १२.९ युनिट. चार्ज करताना उष्णतेत वगैरे १०-१२ टक्के जातात, म्हणून मीटरवर १४.६ युनिट. महिन्याला १,००० किमी म्हणजे १४६ युनिट.

महावितरणचे घरगुती स्लॅब ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे. घरात २०० युनिट लागत असतील तर गाडीचे पहिले १०० दुसऱ्या स्लॅबमध्ये आणि उरलेले ४६ तिसऱ्यात पडतात. तिथे दराची उडी मोठी आहे. शिवाय युनिटमागे वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. खात्रीची पद्धत: महावितरणच्या संकेतस्थळावरच्या बिल-गणकात आधी २०० युनिट टाका, मग ३४६ टाका. दोन बिलांतला फरक भागिले १४६. तो तुमच्या गाडीचा खरा दर. समजा तो १४ रुपये निघाला. मग किमीला २.०४ रुपये.

बाहेरच्या जलद चार्जरवर २२ रुपये युनिट आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ २६. तिथे साडेतीन रुपये किमी. पेट्रोलवर १५ देणाऱ्या तशाच गाडीला ६.९३. म्हणजे घरी चार्ज होणारी गाडी आणि बाहेरच चार्ज होणारी गाडी या हिशेबाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. सोसायटीत पार्किंगपर्यंत केबल नेण्याची परवानगी लेखी मिळाल्याशिवाय पहिला आकडा धरू नका.

टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारा) असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत दरात सवलत आहे. घरून काम करणाऱ्यांनी दुपारी चार्ज करावं.

आणि टोल. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या कारना टोल माफ आहे. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका वेळचा ३२० रुपये. महिन्यात चार वेळा जाऊन-येऊन करणाऱ्याचे २,५६० वाचतात. काहींच्या बाबतीत ही बचत इंधनाच्या बचतीएवढीच आहे, आणि तुलनेच्या तक्त्यात ती जवळजवळ कुणीच मांडत नाही.

बे_एरियातून

इथल्या लेबलची माहिती देतो, कारण घाटवाट यांनी फ्रिजचं उदाहरण दिलं. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलवर्षापासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवरच्या लेबलावर चार गोष्टी असतात: गॅलनला मैल, १०० मैलांना गॅलन, वर्षाचा इंधनखर्च डॉलरमध्ये, आणि सरासरी नव्या गाडीच्या तुलनेत पाच वर्षांत किती वाचतील किंवा जास्त जातील. हिशेब वर्षाला १५,००० मैल धरून केलेला असतो.

शेवटचा आकडाही ठळक अक्षरात असतो आणि तो लोकांच्या लक्षात राहतो. त्यात मर्यादाही आहे. तुलना 'सरासरी नव्या गाडीशी' आहे, तुम्ही ज्या दुसऱ्या गाडीचा विचार करताय तिच्याशी नव्हे. दोन मोठ्या गाड्यांवर दोन्हीकडे 'जास्त जातील' लिहिलेलं असतं, आणि त्या दोघींतला फरक स्वतःच काढावा लागतो. न्यूझीलंडमध्येही २००८ पासून लेबलावर वर्षाचा खर्च असतो.

वडगावची

हायब्रिडचा हिशेब कुणी मांडेल का? इनोव्हा हायक्रॉसमध्ये पेट्रोल १६.१३ आणि हायब्रिड २३.२४ असं जाहीर आहे. महिन्याला १,५०० किमी, अर्धं शहर, अर्धं हायवे. शोरूममध्ये म्हणतात पाच वर्षांत वसूल.

घाटवाट

ताई, आधी किमतीतला फरक तपासा. हायब्रिड बहुतेक करून वरच्या व्हेरियंटमध्ये मिळते. त्यामुळे फरकात इंजिनाबरोबर मोठा स्क्रीन, कॅमेरे, चांगल्या सीट्स यांचेही पैसे असतात. ते तुम्हाला हवे असतील तर त्यांचे पैसे बाजूला काढा आणि उरलेलाच फरक इंधनातून वसूल करायचा. नको असतील तर पूर्ण फरक धरा.

हिशेबासाठी ऑन-रोड फरक ५ लाख धरतो. मिश्र वापरात पेट्रोल १०.५, हायब्रिड १६.५ (गर्दीत हायब्रिड कमी घसरते, म्हणून इथे दोघींना एकच टक्केवारी लावलेली नाही). किमीला ९.९० आणि ६.३०. फरक ३.६०. महिन्याला ५,४०० रुपये वाचतील. ५ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता १०,३७९. म्हणजे पाच वर्षांत वसूल होत नाही. कर्जफेडीला एकूण ६.२३ लाख जातात आणि पाच वर्षांत ३.२४ लाख वाचतात. गाडी दहा वर्षं ठेवली तर ६.४८ लाख वाचतात, म्हणजे जेमतेम बरोबरी.

फरक तीन लाख धरला तर हप्ता ६,२२७, आणि महिन्याला १,७३० किमीला बरोबरी. तुम्ही त्याच्या जवळ आहात. म्हणून तो 'फक्त इंजिनाचा फरक' किती, ही एकच गोष्ट पक्की करा.

हायब्रिडची खरी बचत गर्दीत होते, कारण ब्रेक लावताना ऊर्जा परत मिळते आणि उभं असताना इंजिन बंद राहतं. मोकळ्या हायवेवर दोघींतलं अंतर कमी होतं. तुमचं अर्धं चालवणं हायवेवर असेल तर १६.५ हा आकडा थोडा उदार आहे.

शोरूमचा_कागद

विक्रीच्या बाजूने कागद कसे मांडले जातात ते सांगते, म्हणजे ओळखता येतील.

फरक हप्त्यात दाखवतात, पण मुदत बदलून. ५ लाखांचा हप्ता पाच वर्षांना १०,३७९ आणि सात वर्षांना ८,०४५. दुसरा आकडा बचतीच्या शेजारी चांगला दिसतो. व्याज मात्र सव्वा लाखाऐवजी पावणेदोन लाखांच्या वर जातं. दोन्ही गाड्यांचा हप्ता एकाच मुदतीवर मागा.

सीएनजीचे किलोमीटर किलोला असतात आणि पेट्रोलचे लिटरला. '३४ विरुद्ध २४' असं शेजारी-शेजारी लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबवून रुपये किमी मागा. दोन वेगळी मापं आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही.

बचत काढताना महिन्याला २,००० किमी धरलेले असतात. कागदावर तो आकडा खोडून स्वतःचा लिहा.

विम्यात विजेच्या गाडीला तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विम्याच्या हप्त्यात १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सवलत आहे. विम्याचं कोटेशन वेगळं मागून ती लागली आहे का ते बघा.

टाकीफुल्ल

खरं ॲव्हरेज काढायची पद्धत, कारण वरचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

एकच पंप, शक्यतो एकच नोझल. पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, नंतर 'राउंड फिगर' करू द्यायचं नाही. ट्रिपमीटर शून्य. टाकी पाव राहीपर्यंत चालवा, पुन्हा तसंच भरा. किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं सलग तीन वेळा करून एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. तीन ॲव्हरेजची सरासरी काढू नका, ती चुकते. एकाच भरण्यावर विश्वास ठेवला तर ऑटो-कट थोडा आधी-नंतर झाल्याने ३० लिटरमागे एक-दोन लिटरची चूक सहज होते.

डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत पाच-दहा टक्के चढा असतो.

जुन्या गाडीशी तुलना करताना पेट्रोल बदललं आहे हेही धरा. ई-१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) वरून ई-२० (२० टक्के) वर आल्याने लिटरमधली ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के कमी झाली. २०२२ च्या ॲव्हरेजची आजच्याशी तुलना केली तर तेवढा फरक गाडीचा नाही.

ओसरी

आणि दर? उद्या गॅस किंवा पेट्रोल किती होईल हे कसं धरायचं?

घाटवाट

आजचा एकच दर धरू नका. दोन रकाने करा. मुंबईचा अनुभव ताजा आहे. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला आणि दर ६० रुपये झाला. त्याच नोव्हेंबरला तो ८९.५० होता. पेट्रोलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये १२० ओलांडले आणि जुलैत ते १०६ वर उतरलं. एप्रिलमध्ये ६० चा गॅस धरून सीएनजी घेणाऱ्याचं आणि नोव्हेंबरमध्ये ८९.५० बघून ती नाकारणाऱ्याचं गणित सारखंच एका दिवसावर टेकलेलं होतं.

पहिल्या रकान्यात आजचे दर. दुसऱ्यात स्वस्त इंधन १५ टक्क्यांनी महाग आणि महाग इंधन जसंच्या तसं. माझ्या वरच्या हॅचबॅकमध्ये गॅस ८० चा ९२ झाला की, स्पार्कप्लग यांची ६ टक्क्यांची दुरुस्ती धरून, किमीमागची बचत २.२९ होते आणि रेषा ७२५ किमीवर जाते. महिन्याला ९०० किमी असलेल्याने खुशाल घ्यावी, ६५० वाल्याने पेट्रोलच घ्यावी आणि ८० हजारांचा फरक कर्जातून कमी करावा.

वडगावची

धन्यवाद. शोरूमकडून हायब्रिड आणि पेट्रोलच्या सुविधांची यादी मागवली आहे. फक्त इंजिनाचा फरक वेगळा निघाला की आकडा इथे टाकते. पुनर्विक्रीची किंमत या तक्त्यात कुठे धरायची?

गुणाकार

किमतीतल्या फरकातून आधीच वजा करा. पाच वर्षं जुन्या, त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांच्या जाहिराती आपल्या शहरात पाहा, दोन्हींच्या पाच-पाच, किलोमीटर जवळपास सारखे. मधल्या किमतींतला फरक तीन लाखांतून वजा केला की उरलेलं इंधनातून काढायचं. व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवरच मोजा, कारण ते पैसे पाच वर्षं अडकलेले असतात. हायक्रॉस नवी आहे, जुन्या हायब्रिड कमी मिळतील. पाच जाहिराती नाहीच सापडल्या तर हा फरक शून्य धरा.